झोन आला, पुढे काय?

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा आटोपली की आमच्या मायक्रोबायोलॉजी विभागात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट सुरू होतात. मुलं विषय घेऊन स्टाफरूममध्ये येतात आणि निम्म्यांच्या कागदावर एकच प्रश्न असतो: अमुक औषधी वनस्पतीचा अर्क पोटातल्या जंतूंवर चालतो का? पेरूचा पाला, कोवळं बेलफळ, डाळिंबाची साल, कुड्याची साल, मुरडशेंग, हिरडा, नागरमोथा. काही जणांना हे विषय आता शिळे वाटतात. मला वाटत नाहीत. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, घरोघरी बॅरल आणि हौद भरून ठेवलेले असतात, आणि ऊन चढलं की जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात. अशा गावात हा प्रश्न जुना होत नाही. तो विचारायची आमची पद्धत मात्र जुनी झाली आहे, आणि त्याबद्दलच लिहायचंय.

आधी पद्धत सांगते. पेट्री प्लेटमध्ये म्युलर-हिंटन अगार चार मिलिमीटर जाडीचा ओतायचा. जंतूंचं द्रावण ठरावीक गढूळपणाला आणायचं; त्याला ०.५ मॅकफारलंड म्हणतात, आणि ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या बाबतीत त्यात दर मिलिलिटरला साधारण १५ कोटी जंतू असतात. स्वॅबने ते अगारवर सगळीकडे पसरायचं, कॉर्क बोररने सहा किंवा आठ मिलिमीटरची भोकं पाडायची. त्यांना आम्ही वेल म्हणतो. वेलमध्ये अर्क भरायचा आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी अगारवर जंतूंचा दुधाळ थर आलेला असतो, आणि जिथे अर्काने जंतूंना वाढू दिलेलं नाही तिथे वेलभोवती पारदर्शक वर्तुळ दिसतं. तोच झोन. पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे.

इन्क्युबेटर उघडून "मॅडम, झोन आला!" म्हणत धावत येणाऱ्या मुलीचा चेहरा बघायला मला दर वर्षी आवडतं. त्या आनंदात काही खोटं नसतं. पण त्यानंतरचा प्रश्न विचारावाच लागतो: झोन कशाने आला?

डाळिंबाचंच बघा. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि ज्यूसच्या गाड्यांमागे सालींचे ढीग पडलेले असतात. सालीत टॅनिन भरपूर. त्यातलं मुख्य प्युनिकॅलाजिन. अर्कात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकले की तो निळा-काळा होतो, शाळेतल्या मुलालाही दाखवता येईल इतका स्पष्ट. टॅनिन प्रथिनांना धरून बसतं, जंतूंना वाढीसाठी लागणारं लोहही अडवून ठेवतं. त्यामुळे या सालीचा झोन बहुतेक वेळा येतोच, आणि मुलं खूश होतात.

सांगोल्याकडच्या एका विद्यार्थिनीने घरच्या बागेतली साल आणली होती. भगवा जातीच्या डाळिंबाची बाग, वडील स्वतः कसतात. मी विचारलं, "अगं, शेवटची फवारणी कधी झाली?" शेतकऱ्याची मुलगी, तिला सगळं पाठ. "तेल्यासाठी बोर्डो मारलंय की मॅडम. त्याच्या आधी स्ट्रेप्टो." एवढं बोलली आणि थांबली. पुढचं तिचं तिलाच उमगलं होतं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग आहे, झँथोमोनास नावाच्या जंतूचा. फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, आणि आमच्या भागात त्याने अख्ख्या बागा काढायला लावल्या आहेत. ज्या सालीचा अर्क आम्ही जंतू मारायला वापरतो, त्या सालीवरच एक जंतू बिनधास्त वाढतो, ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते. जंतूगणिक हिशेब वेगळा असतो. तेल्यावर शेतकरी बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं आणि तांबं जंतुनाशक आहे. स्ट्रेप्टोमायसीन तर सरळ अँटिबायोटिक. मग वेलभोवतीचं वर्तुळ टॅनिनचं, की सालीवर बसलेल्या तांब्याचं?

उपाय तिनेच सुचवला. साल नुसती धुतली आणि ते धुवणाचं पाणी आटवून एका वेलमध्ये घातलं. दुसऱ्या वेलमध्ये नातेवाइकांच्या परसातल्या, कधीच न फवारलेल्या झाडाच्या फळाच्या सालीचा अर्क. धुवणाच्या वेलभोवतीही झोन आला, बारीक पण स्पष्ट. न फवारलेल्या सालीचा झोन टिकला, फक्त बागेतल्या सालीपेक्षा लहान निघाला. माझ्या लेखी त्या प्रोजेक्टमधली सगळ्यात मोलाची नोंद तीच. डाळिंबाच्या सालीवरचे लेख वाचताना मी आता आधी एवढंच शोधते, की फळ आलं कुठून आणि त्यावर काय मारलं होतं. बहुतेक ठिकाणी "स्थानिक बाजारातून आणले" इतकंच लिहिलेलं असतं.

आंबटपणाचंही असंच आहे. डाळिंब साल, चिंच, आमसूल यांचे अर्क आम्लधर्मी असतात आणि नुसत्या आम्लानेही ई. कोलायची वाढ थांबते. म्हणून त्याच पीएचचं साधं आम्ल शेजारच्या वेलमध्ये हवं. ज्यात अर्क विरघळवला त्या द्रावकाचाही वेल हवा. तुलनेसाठीच्या या दोन वेलशिवाय, म्हणजे कंट्रोलशिवाय, मी कोणाची प्लेट बघत नाही.

द्रावकावरून दर वर्षी वाद होतो. मुलांना मिथेनॉल आवडतं, कारण त्याचा झोन मोठा येतो. पण घरात कोणी मिथेनॉलमध्ये कुड्याची साल भिजवत नाही. पाण्यात उकळून काढा करतात, नाहीतर ताकातून घेतात. लोकांचा उपाय तपासायचा असेल तर लोक करतात तसाच अर्क आधी करायला हवा. उलट बाजूही मी सांगते. चीनमध्ये तू यूयू यांना मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती लागलं ते उकळणं सोडून कमी तापमानाला ईथरने अर्क काढल्यावर; उष्णतेने औषधाचा गुण जात होता. त्या कामाला २०१५ चं नोबेल मिळालं. तेव्हा दोन्ही अर्क करा, पण कोणता कशासाठी केला ते लिहा.

मात्रेचा हिशेब तर फळ्यावर मांडून दाखवावा लागतो. मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम अर्क घेतला आणि वेलमध्ये १०० मायक्रोलिटर घातले, म्हणजे एका वेलमध्ये १० मिलिग्रॅम गेले. शेजारी सिप्रोफ्लोक्सासिनची जी चकती ठेवतो तिच्यात ५ मायक्रोग्रॅम असतात. अर्क दोन हजार पट. अर्क हे मिश्रण असतं, शुद्ध रेणू नसतो, हे मान्य. पण मग "आमचा अर्क अँटिबायोटिकच्या तोडीचा" असं वाक्य प्रबंधात येता कामा नये. शिवाय प्युनिकॅलाजिनसारखे मोठे रेणू अगारमधून हळू सरकतात, छोटे झपाट्याने पसरतात. लहान झोन म्हणजे कमकुवत औषध असंही म्हणता येत नाही. म्हणून झोननंतर मायक्रोप्लेटमध्ये एमआयसी काढायची, म्हणजे वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा. २००५ मध्ये स्पेनमधल्या दोन संशोधकांनी या क्षेत्राला उद्देशून लिहिलं होतं, की अर्क मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर लागत असेल तर तो प्रयोग टाळा, आणि १०० मायक्रोग्रॅमच्या खाली चालला तर लक्ष द्या. ही ओळ मी लॅबच्या कपाटावर चिकटवली आहे.

आता बेलफळ. या लेखाचं खरं कारण तेच.

कोवळं बेलफळ उकळून काढा केला, प्लेटवर लावला आणि काहीच झालं नाही, असं आमच्याकडे वारंवार घडतं. वेलच्या काठापर्यंत जंतू उगवलेले. मुलं हिरमुसतात, विषय बदलून मागतात. अशा वेळी मी त्यांना मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमधलं काम वाचायला देते. तिथल्या तन्नाज बिर्डी यांच्या गटाने २००९ मध्ये कोवळ्या बेलफळाच्या काढ्यावर लेख प्रसिद्ध केला. त्यांनी सहा जंतू तपासले आणि काढ्याने एकही मेला नाही. आमच्यासारख्यांचा प्रोजेक्ट तिथेच संपला असता. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले. जंतू पेशींना चिकटतात का? पेशींच्या आत घुसतात का? विष तयार करतात का, आणि ते विष आतड्याच्या पेशीला धरतं का? काढ्यामुळे जंतूंचं चिकटणं आणि घुसणं लक्षणीय कमी झालं. कॉलऱ्याच्या विषाची निर्मिती घटली, आणि ते विष ज्या जीएम-१ नावाच्या रेणूला धरून पेशीत शिरतं, ते धरणंही कमी झालं. जिआर्डिया हा परजीवी आणि रोटाव्हायरस यांच्यावर तर काढा थेट मारक ठरला. ई. कोलायच्या एका वेगळ्या, उष्णतेला टिकणाऱ्या विषावर मात्र त्याचा परिणाम झाला नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं आहे. बेल चोराला मारत नाही, दाराला कडी लावतो.

पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, त्याच गटाचा पेरूच्या पाल्यावरचा लेख आला. तिथे शिगेला हा आवेचा जंतू आणि कॉलऱ्याचा जंतू यांची वाढही थांबली आणि विषाच्या जोडणीवरही परिणाम दिसला. दोन्ही झाडं आपण पोटासाठीच वापरतो, पण काम करायची रीत वेगळी.

हे समजायला कॉलऱ्याचा इतिहास उपयोगी पडतो. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं, की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी भरतं. म्हणजे पाणी ओढून काढतं ते जंतूचं विष. जंतू मरणं आणि रोगी बरा होणं या दोन गोष्टी तेव्हापासूनच वेगळ्या आहेत, आणि आम्ही अजून फक्त पहिलीच मोजतो. रोगी दगावतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पाजून माणसं वाचवली. मरणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असायचं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्या द्रावणाचा प्लेटवर झोन येत नाही. तेव्हा हे वाचून कोणी जुलाब झालेल्या लेकराला नुसता काढा देत बसू नये. ओआरएस आधी, दवाखाना लगेच, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला काढाही नको, घुटीही नको.

कुड्याची गोष्ट आणखी वेगळी. कुड्यातला कोनेसिन हा अल्कलॉइड प्रसिद्ध आहे तो अमिबावरच्या परिणामासाठी. अमिबा हा जंतू असला तरी बॅक्टेरिया नाही. आवेसाठी कुडा घेणाऱ्या माणसाचा अनुभव ई. कोलायच्या प्लेटवर कसा तपासला जाईल? झोन आला नाही म्हणून "पारंपरिक वापराला आधार मिळाला नाही" असा निष्कर्ष एका मुलाने लिहून आणला होता. मी ते पान परत दिलं. त्यात भर म्हणजे काष्ठौषधीच्या दुकानात पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळलेली मिळू शकते. झाडं वेगळी, कुळ एकच, वाळलेली साल दिसायला सारखी. त्यामुळे फांदी, पान, शेंग यांचा नमुना वनस्पतिशास्त्र विभागात ओळखून घेतल्याशिवाय आमच्याकडे अर्क काढायला सुरुवात होत नाही. एका फांदीसाठी घाटापर्यंत जावं लागलं तरी चालेल.

मे महिन्याचंही सांगायला हवं, कारण सोलापुरातल्या लॅबला ते टाळता येत नाही. साधा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. बाहेर ४३ अंश आणि खोलीत ३९ असताना त्याच्या काट्याला ३७ वर आणणं कोणालाच शक्य नसतं. ई. कोलाय ४४ अंशांवरही मजेत वाढतो, पाण्याच्या तपासणीत त्याच्या याच गुणाचा उपयोग करतात. पण जास्त तापमानाला केलेल्या झोनची तुलना फेब्रुवारीतल्या झोनशी करता येत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या सगळ्या प्लेटा आम्ही कॉम्प्रेसर असलेल्या बीओडी इन्क्युबेटरमध्ये ठेवतो आणि वीज गेली तर वेळ लिहून ठेवतो. शिगेला मी एम.एस्सी.च्या मुलांच्या हाती देत नाही. दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आव होऊ शकते.

आणि आतड्यात आधीपासून राहणाऱ्यांचं काय? मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम ऐवजात दहा हजार कोटींच्या घरात बॅक्टेरिया असतात. ई. कोलाय त्यात सहसा एक टक्काही भरत नाही, आणि त्यातलेही बरेचसे निरुपद्रवी. निस्ले या जर्मन डॉक्टरांनी १९१७ मध्ये एका सैनिकाच्या पोटातून वेगळा केलेला ई. कोलाय आजही औषध म्हणून दिला जातो. बाकीचे बॅक्टेरॉइड्स, बिफिडोबॅक्टेरियम, फिकॅलीबॅक्टेरियम. यांच्यापैकी कित्येकांना हवेतला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून ते आमच्या प्लेटवर येतच नाहीत. आमच्यासाठी ते अदृश्य राहतात. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हजाराहून अधिक औषधं आतड्यातल्या ४० बॅक्टेरियांवर तपासली. माणसाच्या पेशींसाठी बनवलेल्या, अँटिबायोटिक नसलेल्या औषधांपैकी २४ टक्क्यांनी किमान एका बॅक्टेरियाची वाढ रोखली. ज्या काढ्याचा दणदणीत झोन येतो तो या रहिवाशांना सोडत असेल, असं गृहीत कसं धरायचं?

आणि डाळिंबाच्या बाबतीत तर नातं उलटंही आहे. सालीतलं प्युनिकॅलाजिन आपल्या रक्तात फारसं शिरत नाही. आतड्यातले काही बॅक्टेरिया ते फोडून त्याचं युरोलिथिन करतात, आणि ते शरीरात शोषलं जातं. गॉर्डोनिबॅक्टर हा त्यातला एक. हे बॅक्टेरिया सगळ्यांच्या पोटात नसतात, म्हणून तेच डाळिंब दोन माणसांत दोन तऱ्हेने वागतं. आम्ही ज्या अर्काला जंतुनाशक म्हणून वेलमध्ये भरतो, तो आतड्यातल्या काहींचं अन्न आहे. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवून हेच शिकवलं होतं.

कॉलेजच्या लॅबमध्ये पेशी वाढवण्याची सोय नाही, ऑक्सिजनविरहित चेंबर नाही. तरी जे जमतं ते करायचं. यंदाच्या डाळिंबाच्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक मात्रा ई. कोलायबरोबर दोन लॅक्टोबॅसिलसवरही, म्हणजे पोटाला उपयोगी बॅक्टेरियांवरही, लावणार आहोत. त्यांना एमआरएस माध्यम लागतं, म्हणून ई. कोलायही त्याच माध्यमात वाढवून बघायचा, नाहीतर टॅनिन कोणत्या माध्यमातल्या प्रथिनांना किती अडकलं हे कळणार नाही. एमआयसीला रेसाझुरिन, म्हणजे जंतू वाढले की गुलाबी होणारा निळा रंग, वापरताना जंतूंशिवाय नुसत्या अर्काचीही एक ओळ ठेवायची, कारण टॅनिनचा अर्क स्वतःच त्या निळ्या रंगाचा गुलाबी करू शकतो. आणि बिफिडोबॅक्टेरियमसाठी आतला ऑक्सिजन काढून टाकणारा गॅसपॅकचा जार विभागाकडे मागितला आहे.

अडचण एकच आहे: साल. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा या भागात कोणाच्या परसात किंवा बांधावर डाळिंबाचं असं झाड असेल, ज्यावर बोर्डो, स्ट्रेप्टो किंवा दुसरं काहीच मारलेलं नाही, तर आम्हाला त्याच्या फळाची साल हवी आहे. फळ डागी असलं तरी चालेल, किडकं नको. साल सावलीत वाळवा, उन्हात नको. कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये दमटपणा राहून बुरशी येते आणि बुरशीचेही झोन येतात. पिशवीवर गावाचं नाव, जात माहीत असेल तर जात, आणि फळ तोडल्याची तारीख लिहा. गणेश जातीचं जुनं झाड असेल तर आधी कळवा, आम्ही स्वतः येऊन फांदीचा नमुनाही घेऊन जाऊ.